गल्ल्यातल्या नोटा आणि लाल चोपडी

सर, नमस्कार. आमचा टॉवेल-चादरीचा लहानसा कारखाना आहे, अक्कलकोट रोड एमआयडीसीत. हिशेब, ईमेल, बँक, जीएसटी सगळं मी बघते. गेल्या महिन्यात नागपूरच्या एका व्यापाऱ्यांना आमच्याच ईमेलवरून बिल गेलं. माल आमचा, रक्कम आमची, २ लाख ८५ हजार, पण बँक खात्याचा नंबर भलताच. "खातं बदललं का वहिनी?" असं विचारायला त्यांनी फोन केला म्हणून वाचलो. तेव्हापासून घरात रोज हाच विषय. मुलगा इंजिनिअरिंगला आहे, तो म्हणतो सगळे पासवर्ड दर महिन्याला बदल. मी पासवर्ड लाल चोपडीत लिहून ठेवते, त्यावर दीर हसतात. खरं सांगायचं तर लिहायला होतं तरी काय, सगळीकडे एकच होता: सिद्धेश्वर, ॲट, एक दोन तीन. बँकेत तेवढा शेवटी चार. तीस-पस्तीस पासवर्ड माझ्या डोक्यात राहणार नाहीत हे आधीच सांगते. घरी आम्ही तेलुगू बोलतो, मराठीत काही चुकलं असेल तर सांभाळून घ्या.
— एक वाचक, सोलापूर

ताई, मराठी कुठेच चुकलेलं नाही. आणि सिद्धेश्वरांचं नाव पासवर्डला देणाऱ्या तुम्ही पहिल्या नाही. टायपिंगच्या मशीनशेजारी पहिला कॉम्प्युटर येऊन बसला तेव्हापासून मी या गावात संगणक शिकवत आलो. विसरलेले पासवर्ड नव्याने करून देणं हे त्यातलं रोजचं काम. देवाचं नाव, मुलीचं नाव, नाहीतर गाडीचा नंबर, यापलीकडे कुणाची गाडी जात नसे. 'बँकेत शेवटी चार' वाचून मला हसू आलं, पण ते स्वतःवर. माझ्या क्लासचा पासवर्ड कितीतरी दिवस फळ्याच्या कोपऱ्यात खडूने लिहिलेला होता आणि त्याखाली 'पुसू नये' अशी सूचनाही मीच लिहिली होती.

पासवर्डाकडे येतो, पण त्याआधी एक काम आहे. पत्रात त्याचा उल्लेख नाही, त्यामुळे ते राहिलं असावं अशी मला शंका आहे. या जातीचा चोर ईमेलमध्ये शिरला की लगेच काही करत नाही. माळ्यावर चढून गप्प बसतो. कुणाला कधी बिल जातं, तुम्ही 'दादा' लिहिता की 'साहेब', बिलाची फाइल कशी दिसते, हे वाचत राहतो, आणि मोठी रक्कम आली की तेवढंच एक बिल बदलून पाठवतो. नुसता पासवर्ड बदलला की तो बाहेर गेला असं होत नाही, कारण परत यायची वाट त्याने करून ठेवलेली असू शकते.

म्हणून आजच, आणि कारखान्यातल्या कॉम्प्युटरवरून नव्हे तर स्वतःच्या फोनवरून, ईमेलच्या सेटिंगमध्ये जा. कारखान्याचा कॉम्प्युटर जाणकाराकडून तपासून घेईपर्यंत त्यावर एकही नवा पासवर्ड टाइप करू नका. तुम्ही दाबलेलं प्रत्येक बटण टिपून बाहेर पाठवणारा प्रोग्रॅम त्यात बसलेला असेल, तर नवा पासवर्ड तुम्हीच त्याच्या हातात द्याल. पासवर्ड बदला. 'सगळ्या उपकरणांवरून साइन आउट' करा. मग रिकव्हरीचा फोन नंबर आणि रिकव्हरी ईमेल बघा, ते तुमचेच आहेत ना? आणि त्यानंतर ती जागा, जिथे कुणी जातच नाही: फॉरवर्डिंग आणि फिल्टर. जीमेलमध्ये या सेटिंग फोनच्या ॲपमध्ये सापडत नाहीत. दुसरा एखादा खात्रीचा कॉम्प्युटर, मुलाचा लॅपटॉप म्हणा, तो घेऊन बघा. तुमच्या प्रत्येक पत्राची प्रत अनोळखी पत्त्यावर जाते आहे का? 'पेमेंट' किंवा 'बिल' असा शब्द असलेली पत्रं तुम्हाला न दाखवता कचरापेटीत टाकणारा नियम कुणी लावलाय का? नागपूरहून ईमेलने उत्तर आलं असतं तर ते तुम्हाला दिसलं नसतं, ते याच खेळीमुळे. त्यांनी फोन केला हे नशीब.

पैसे गेले नाहीत तरी तक्रार नोंदवा. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टल आहे, सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन. पैसे गेल्यावर मात्र पोर्टल भरत बसायचं नाही, आधी १९३० हा नंबर फिरवायचा. पैसे चोराच्या एका खात्यातून दुसऱ्या खात्यात पळायच्या आत ते अडवता आले तरच हाती लागतात. तुमच्याकडून इतर व्यापाऱ्यांना गेलेली दोन-तीन महिन्यांची बिलंही त्यांच्याशी फोनवर ताडून बघा. नागपूरवाल्यांनी विचारलं, पण सगळेच विचारतात असं नाही.

आता तो आत आला कसा? तुमचा पासवर्ड कुणी बसून ओळखला असेल असं मला वाटत नाही. तसं करायची गरजच नव्हती. सगळीकडे एकच पासवर्ड म्हटल्यावर तो कुठे कुठे दिला होता ते आठवा. ट्रान्सपोर्टवाल्याच्या साइटवर, मुलाच्या प्रवेशाच्या फॉर्मवर, एखाद्या सेलमध्ये पडदे मागवले तेव्हा. त्यातली कुठलीही एक फुटली की तुमचा ईमेल आणि पासवर्ड जोडीने यादीत जातात. मग ती जोडी प्रोग्रॅम लावून जगभरच्या ईमेलला, बँकांना, दुकानांना लावून बघतात. कुठे उघडतं, कुठे नाही. माणूस बसवावा लागत नाही.

या याद्या किती मोठ्या असतात बघा. २००९ साली अमेरिकेतल्या रॉकयू नावाच्या कंपनीतून ३ कोटी २० लाख पासवर्ड बाहेर पडले. कंपनीने ते कुठलीही गुप्त लिपी न वापरता, किराणाच्या यादीसारखे साधे लिहून ठेवले होते. त्यात सगळ्यात जास्त वेळा आलेला पासवर्ड होता एक ते सहा आकडे, ओळीने. ती यादी पासवर्ड फोडणारे आजही वापरतात. माणसं पासवर्ड कसा विचार करून ठेवतात ते त्यांना त्यातून कळलं. नाव, मग ॲट, मग एक दोन तीन, ही चाल त्यांच्या प्रोग्रॅमला तोंडपाठ आहे. 'ए'च्या जागी ॲट आणि 'ओ'च्या जागी शून्य टाकणं तर त्याहून जुनं झालं. तुमचा ईमेल पत्ता अशा एखाद्या फुटलेल्या यादीत आहे का, हे बघायला 'हॅव आय बीन पोन्ड' नावाची साइट आहे. ट्रॉय हंट या ऑस्ट्रेलियन माणसाने ती २०१३ मध्ये सुरू केली. तिथे फक्त ईमेल पत्ता टाकायचा असतो. तुमचा पत्ता त्यात निघाला तर घाबरू नका, माझा जुना पत्ताही निघाला होता.

इथे थोडं विषयांतर करतो, कारण मागवाल्यांच्या घरात ही गोष्ट सांगायचा मोह आवरत नाही. कॉम्प्युटरवर पासवर्डाची पद्धत आली ती अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत, १९६१ च्या सुमारास. फर्नांडो कॉर्बाटो यांनी एकच मोठा कॉम्प्युटर अनेकांना वाटून वापरता येईल अशी व्यवस्था उभी केली होती. ज्याची फाइल त्यालाच दिसावी म्हणून प्रत्येकाला पासवर्ड दिला. वापरायला वेळही मोजून मिळे. १९६२ मध्ये ॲलन शेर नावाच्या संशोधक विद्यार्थ्याला आठवड्याचे ४ तास पुरेनात. त्याने काय केलं, शुक्रवारी रात्री एक भोकांचं कार्ड सरकवलं. त्यावर विनंती होती की पासवर्डांची फाइल छापून द्यावी. शनिवारी सकाळी सगळ्यांचे पासवर्ड छापून तयार! तुमच्या जेकार्ड मागावर नक्षी उठवणारं भोकांचं पुठ्ठ्याचं कार्ड असतं ना, त्याचाच भाऊ म्हणायचा तो. पासवर्ड जन्मला आणि वर्षभरात त्याची पहिली चोरी झाली. ती ओळखून नव्हे, तर जिथे साठवला होता तिथून. म्हणजे तुम्ही कितीही अवघड पासवर्ड ठेवा, समोरची साइट तो नीट सांभाळेल याची हमी तुमच्या हातात नाही. तुमच्या हातात एवढंच आहे, की एका ठिकाणचा फुटला तर दुसरीकडे तो चालू नये. प्रत्येक जागेला वेगळा पासवर्ड, हे मी सगळ्यात वर ठेवतो. अवघडपणा त्याच्या खाली.

आणि सगळ्या जागा सारख्या महत्त्वाच्या नाहीत. ईमेल ही घराची मुख्य किल्ली. बँक असो, जीएसटी असो, 'पासवर्ड विसरलात?' दाबलं की बहुतेक ठिकाणी नव्या पासवर्डाची लिंक ईमेलवरच येते. ईमेल ज्याच्या हातात, त्याच्या हातात बाकी बरंच काही. पडदे मागवलेल्या साइटला साधा पासवर्ड असला तरी मला झोप लागेल. ईमेलला असला तर नाही लागणार.

तीस-पस्तीस पाठ होणार नाहीत म्हणता. होऊच नयेत. पाठ करायचे ते दोन: ईमेलचा आणि पासवर्ड मॅनेजरचा. बाकी सगळे मॅनेजरने बनवायचे आणि त्यानेच लक्षात ठेवायचे. ही एक डिजिटल तिजोरी असते. बिटवॉर्डन आहे, कीपास आहे, गूगल आणि ॲपलचे फोनमध्येच आहेत. प्रत्येक साइटसाठी ती वीस-वीस अक्षरांचा अगम्य पासवर्ड तयार करते आणि वेळ आली की स्वतःच भरते. एक फायदा लोकांच्या लक्षात येत नाही. हुबेहूब बँकेसारखी दिसणारी खोटी साइट तुम्ही उघडलीत तर तिजोरी पासवर्ड भरायला तयारच होत नाही, कारण ती चेहरा बघत नाही, पत्ता बघते. तुम्ही-आम्ही चेहऱ्याला फसतो.

दीर विचारतील, सगळं एकाच तिजोरीत, आणि तिजोरीच गेली तर? प्रश्न बरोबर आहे. २०२२ मध्ये लास्टपास नावाच्या कंपनीकडून ग्राहकांच्या तिजोऱ्यांच्या प्रती चोरीला गेल्या. त्यातले पासवर्ड कुलूपबंद होते, पण कुलूप मजबूत किती, हे ग्राहकाने निवडलेल्या मुख्य पासवर्डावर ठरणार होतं. ज्यांचा तो दुबळा होता त्यांना धोका, ज्यांचा दणकट होता त्यांची तिजोरी चोराच्या घरीही बंदच. तेव्हा सगळी मेहनत त्या एका पासवर्डावर करायची.

तो कसा बनवायचा? डोक्याने नाही. हे जरा विचित्र वाटेल. पण माणसाला 'मनात येईल ते काहीही सांग' म्हटलं की तो नेहमीचंच सांगतो. सोलापूरकराला सांगून बघा: शेंगाचटणी, गड्डा, चादर, चार पुतळा. हुशारी केली तर शेंगाचटणी उलटी लिहील. चोराचा प्रोग्रॅम हुशारीला सरावलेला आहे, चिठ्ठी टाकून निघालेल्या गोष्टीला नाही. आर्नल्ड रेनहोल्ड यांनी १९९५ मध्ये यासाठी फाशांची पद्धत काढली. ७,७७६ शब्दांची यादी, पाच वेळा फासा टाकायचा, जो आकडा येईल तो शब्द घ्यायचा. असे पाच-सहा शब्द जोडले की झाला पासवर्ड. त्यांची यादी इंग्रजी होती. आपण आपली करू, आणि फाशाऐवजी गल्ल्यातल्या नोटा घेऊ.

घरातला जाडजूड मराठी शब्दकोश काढा. गल्ल्यातून वापरलेल्या, मिसळलेल्या नोटा घ्या. बँकेची कोरी गड्डी नको, तिच्यातले नंबर ओळीने असतात. पहिल्या नोटेच्या नंबराचे शेवटचे तीन आकडे म्हणजे कोशाचं पान. तेवढी पानं कोशात नसतील तर ती नोट बाजूला, पुढची घ्या. दुसऱ्या नोटेचा शेवटचा आकडा म्हणजे त्या पानावरचा वरून तितकावा शब्द, शून्य आलं तर दहावा. निघाला एक शब्द. असे ईमेलसाठी पाच, तिजोरीसाठी सहा. समजा निघालं: लाटणं, मांजर, पावती, जांभूळ, टेकू. रोमन अक्षरांत, मध्ये आडवी रेघ देऊन लिहून टाका. (हाच घेऊ नका हो. छापून आला म्हणजे गेला.) शब्दांचा अर्थ लागत नाही हेच त्याचं बळ, आणि लक्षात ठेवायला मात्र तो सोपा. डोळ्यांसमोर चित्र आणा: लाटण्यावर बसलेलं मांजर पावती फाडतंय, आणि शेजारी जांभळाला टेकू दिलाय. दोन दिवस पाच-पाच वेळा टाइप केलं की बोटांना पाठ होतो.

तुमच्या घरात तर आणखी एक सोय आहे. मांजर निघालं तर 'पिल्ली' लिहा, कांदा निघाला तर 'उल्लिगड्डा'. सोलापूरच्या पूर्व भागातल्या घरांत मराठी, तेलुगू, कानडी एकाच वाक्यात नांदतात, तेच पासवर्डात आणा. त्याने चोर हरतो असं नाही, तुमच्या लक्षात मात्र चांगलं राहतं. फक्त स्पेलिंग आधी ठरवा. 'पिल्ली'च्या शेवटी आय लिहायचा की दोन ई, हे एकदा ठरलं की कायमचं. आपण लोक मराठी-तेलुगू रोमनमध्ये रोज वेगळ्या स्पेलिंगने लिहितो, आणि पासवर्डाला ते चालत नाही. माझं खातं मी याच पायी दोनदा बंद पाडलंय.

मुलाला हिशेब हवा असेल, त्याच्यासाठी. नुसत्या लहान अक्षरांचे आठ अक्षरी पासवर्ड होतात सुमारे २०,८८२ कोटी. ऐकायला प्रचंड. पण साइटने पासवर्ड जुन्या, कमजोर पद्धतीने साठवले असतील आणि ती फाइल चोरली गेली असेल, तर आजचं एक चांगलं ग्राफिक्स कार्ड सेकंदाला दहा हजार कोटींहून जास्त अंदाज लावतं. म्हणजे दोन-तीन सेकंदांत खेळ खलास. हजार पानांच्या कोशातून नोटांनी निवडलेला एक शब्द म्हणजे दहा हजारांतला एक. पाच शब्दांचे पर्याय होतात एकावर वीस शून्यं. सेकंदाला दहा हजार कोटींच्या वेगाने ते सगळे तपासायला एका कार्डाला एकतीस वर्षांहून जास्त लागतील, आणि सहावा शब्द जोडला की त्याच्या दहा हजार पट. चांगल्या साइट पासवर्ड मुद्दाम संथ पद्धतीने साठवतात, तिथे तर विचारायलाच नको. लांबी जिंकते, ती अशी. चमत्कारिक चिन्हांनी एवढं होत नाही.

मग एटीएमच्या चार आकड्यांचं काय, ते तर दहा हजारच? तिथे तीन वेळा चुकलं की कार्ड ब्लॉक होतं, म्हणून चालतं. यूपीआयचा पिन चार किंवा सहा आकड्यांचा असतो. जन्मसाल नको, एवढं सांगून पुढे जातो. आणि पैसे *घ्यायला* पिन कधीच लागत नाही, हे कारखान्यातल्या मुलांनाही सांगून ठेवा.

आता मुलाचं 'दर महिन्याला बदल'. तो चुकीचं ऐकून आलेला नाही, जुनं ऐकून आलाय. हा नियम जगभर पसरला तो अमेरिकेच्या निस्ट या सरकारी मानक संस्थेच्या २००३ च्या एका दस्तऐवजामुळे. बिल बर यांनी तो लिहिला होता: मोठं अक्षर हवं, आकडा हवा, चिन्ह हवं, ठराविक काळाने बदला. २०१७ मध्ये निवृत्त बर यांनी मुलाखतीत कबूल केलं की आपण सांगितलं त्यातल्या बऱ्याच गोष्टींचा आता पश्चात्ताप होतो. निस्टनेही त्याच वर्षी नियम फिरवला. उगाच कालबद्ध बदल मागू नका, फुटल्याचा पुरावा असेल तेव्हा बदलायला लावा. कारण सक्तीने बदलायला लावलं की माणूस काय करतो ते तुम्हीच पत्रात लिहिलंय: तीनचे चार. पुढच्या महिन्यात पाच. काही साइट अजूनही तीन महिन्यांनी नवा पासवर्ड मागतात. तिथे वाद घालून उपयोग नाही, तिजोरीला नवा बनवायला सांगायचं आणि मोकळं व्हायचं.

लाल चोपडीबद्दल मी तुमच्या बाजूने आहे. दिरांना सांगा, ब्रूस श्नायर हे सुरक्षाक्षेत्रातलं मोठं नाव, त्यांनीही २००५ मध्ये लिहिलं होतं की पासवर्ड कागदावर लिहा आणि पैशाच्या पाकिटात ठेवा, कारण कागदाचे छोटे कपटे सांभाळण्यात आपण पटाईत असतो. रशियातल्या चोराला तुमच्या चोपडीपर्यंत हात पोचवता येत नाही. चोपडीला धोका आहे तो काउंटरवर येणाऱ्या-जाणाऱ्यांचा. म्हणून ती गल्ल्याजवळ नको, घरी, सोनं जिथे ठेवता तिथे. तिजोरीचा सहा शब्दांचा पासवर्ड तिच्यात जरूर लिहा. उद्या तुम्ही आठवडाभर दवाखान्यात असलात तर घरच्यांना कामगारांचे पगार करता आले पाहिजेत, आणि जागा फक्त तुमच्या यजमानांना माहीत असू द्या. कॉम्प्युटरच्या डेस्कटॉपवर 'पासवर्ड' नावाची एक्सेल फाइल असेल तर ती मात्र आजच काढा. व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवलेला असेल तर तोही.

चोपडीच्या शेवटच्या पानावर आणखी एक गोष्ट चिकटवा. ईमेलला दुहेरी पडताळणी चालू करा, म्हणजे पासवर्डानंतर फोनवरची दुसरी खूणही लागेल. एसएमएसचा ओटीपी नसण्यापेक्षा बरा, पण तुमच्या नावाचं दुसरं सिम काढून ओटीपी पळवल्याची प्रकरणं होतात. फोनमध्येच दर वेळी नवा आकडा बनवून दाखवणारं ऑथेंटिकेटर ॲप त्याहून चांगलं. फोन हरवला तर आत जायला गूगल आठ आकड्यांचे दहा बॅकअप कोड देतं. ते छापून चोपडीत ठेवा. हे न केल्याने लोक स्वतःच्याच खात्याबाहेर उभे राहतात, आणि मग मला रविवारी फोन येतो. हल्ली काही साइट 'पासकी' विचारतात, म्हणजे पासवर्डाऐवजी फोनचं बोट किंवा चेहरा. मिळाली तर घ्या. खोट्या साइटवर ती चालतच नाही.

'आईचं माहेरचं आडनाव काय', 'पहिली शाळा कोणती' असले प्रश्न विचारले तर खरं उत्तर देऊ नका. आपल्याकडे कुणाचं माहेर कुणाला माहीत नसतं? २००८ मध्ये अमेरिकेच्या उपराष्ट्रपतिपदाच्या उमेदवार सारा पेलिन यांचं याहूचं खातं एका कॉलेजच्या पोराने याच वाटेने उघडलं होतं. उत्तरं सगळी इंटरनेटवर पडलेली होती. कोशातला कुठलाही एक शब्द द्या आणि तिजोरीत लिहून ठेवा. तुमच्या आईंचं माहेर 'जांभूळ' निघालं तरी साइटला काही फरक पडत नाही.

एक नाजूक मुद्दा उरला. तुम्ही लिहिलेलं नाही, पण कारखाना म्हटलं की तो असतोच. ईमेलचा पासवर्ड हिशेबाला येणाऱ्या मुलाला, भाच्याला, मागच्या दिवाळीत सोडून गेलेल्या क्लार्कला ठाऊक असतो. कुणावर संशय घ्यायचा नाही, पण ज्याला पासवर्ड माहीत तो पासवर्ड त्याचाही झाला. जीमेलमध्ये पासवर्ड न देता दुसऱ्याला पत्रव्यवहार बघू देण्याची सोय आहे. हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्येही प्रत्येकाचं वेगळं लॉगिन करता येतं. नवा माणूस आला की वेगळं, गेला की बंद.

आणि पुढच्या प्रत्येक बिलावर ठळक अक्षरांत एक ओळ छापून घ्या: 'आमचे बँक खाते बदलल्यास आम्ही फोन करूनच कळवू. ईमेलवर विश्वास ठेवू नये.' फोन नंबर मात्र व्यापाऱ्यांनी जुन्या बिलावरचा किंवा स्वतःच्या डायरीतला लावावा, त्याच ईमेलमधला नव्हे, हेही त्यांना तोंडी सांगा. नागपूरवाल्यांना सांगायची गरज दिसत नाही. त्यांना पुढच्या मालाबरोबर अर्धा किलो शेंगाचटणी आणि थोड्या कडक भाकरी पाठवून द्या.